कोलाड, दांडेली की बामणोली? जोडून सुट्टीला नदीवर जायचंय तर

जोडून सुट्टी आली की सातारा-सांगलीच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणतरी राफ्टिंगचा व्हिडिओ टाकतो, खाली सगळे "चला चला" करतात, मग दोन दिवस रायगडातलं कोलाड का कर्नाटकातली दांडेली का कोयनेच्या तळ्याकाठचं आपलं बामणोली-तापोळं यावर भांडण आणि शेवटी निम्मे जण महाबळेश्वरला मक्याचं कणीस खाऊन परत. तिन्हीकडं मित्रांबरोबर जाऊन झालंय, त्यामुळं कुणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न टाकतो. तुम्हाला पाणी पाहिजे का रात्र पाहिजे? म्हणजे राफ्टिंग करायचंय आणि त्यासाठी कुठंतरी झोपायचंय, का शेकोटीभोवती बसून गप्पा हाणायच्यात आणि जमलंच तर पाण्यात उतरायचंय? पॅकेजवाले दोन्ही एकाच पोस्टरवर छापतात म्हणून ती एकच ट्रिप वाटते, पण तशी ती नाय. जिथं पाणी भारी तिथली रात्र यथातथाच असते आणि जिथली रात्र भारी तिथं पाणी गपगार पडलेलं असतं, आणि हे एकदा मान्य केलं की निम्मं भांडण मिटतं.

पाणी कुणाचं, यावर सगळं आहे

आपल्याकडं एवढ्या नद्या असून राफ्टिंगला कोलाड नायतर कर्नाटक का गाठायचं, असं सांगलीचा एक मित्र कायम म्हणतो. कारण साधं आहे. राफ्टला उतार लागतो आणि रोज ठरल्या वेळी सुटणारं पाणी लागतं, आणि असं पाणी मिळतं वीजकेंद्राच्या खाली. कोयनेचं पाणी भरपूर, धरण १०५ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), पण त्यातलं विजेचं बरंचसं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्यानं पोफळीकडं जातं आणि वाशिष्ठीतून चिपळूणला उतरतं. कृष्णा पाणीवाटप लवादानं ठरवून दिलेला पश्चिमेचा वाटा ६७.५ टीएमसी आहे. आपल्या बाजूला पायथा वीजगृहातनं येतं ते २१०० क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट), जे आकडे सांगलीची माणसं पावसाळ्यात क्रिकेटच्या स्कोरसारखे बघत बसतात, पण खाली पाटण-कराडच्या सपाटीला आल्यावर त्या पाण्यात राफ्ट टाकून करणार काय.

आणि शिवसागर, म्हणजे बामणोली-तापोळ्याचं पाणी, ते तर धरणाच्या मागं साठलेलं. त्याला ओढच नाही. त्यामुळं "कोयना बॅकवॉटर राफ्टिंग" अशी जाहिरात दिसली तर समजायचं की रबरी बोटीत बसवून वल्ही मारायला लावणार आणि फोटो काढून देणार. त्यात वाईट काय नाय, पण ते राफ्टिंग नाय.

कोलाडची कुंडलिका बरोबर याच्या उलट. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरनं खाली भिऱ्याच्या टाटांच्या वीजकेंद्रात पडतं, १९२७ पासून हे चालू आहे, आणि वीज करून झालेलं पाणी खाली रवाळज्याकडनं कुंडलिकेत येतं. (हे तेच मुळशी धरण ज्याच्या विरोधात १९२१ ला सत्याग्रह झाला आणि ज्यावरून बापटांना लोक सेनापती म्हणायला लागले. राफ्टमध्ये बसलेल्या कुणाला हे माहीत नसतं, आणि गाईड काय ते सांगत बसत नाही.) पाणी सकाळी सुटतं, म्हणून राफ्टिंग सकाळीच. साजे गावाजवळ राफ्ट पाण्यात टाकतात आणि बारा-चौदा किलोमीटर खाली कामत गावाजवळ काढतात, दीड-दोन तासांचा खेळ. नदी तशी अरुंद, त्यामुळं रॅपिड, म्हणजे खळाळत्या पाण्याचे टप्पे, एकापाठोपाठ एक लागतात, पहिल्या अर्ध्या भागात तर श्वास घ्यायला फुरसत देत नाही. गाईड लोकांनी त्यांना जॉनी वॉकर, बूम शंकर असली नावं ठेवलीत. खालच्या निम्म्यात पाणी शांत होतं, तिथं गाईड उड्या मारायला देतो, आणि जॅकेटवर पाठ टेकून आभाळ बघत वाहत जायचं हे मला तरी रॅपिडपेक्षा जास्त आवडतं.

दांडेलीचं राफ्टिंग खरं दांडेलीत नसतंच. काळी नदीवर सुपा धरण आहे, त्याच्या पायथ्याला गणेशगुडी, तिथनं ते चालू होतं. दांडेली गाव वीसेक किलोमीटर पुढं. बुकिंग करताना हा घोळ बऱ्याच जणांचा होतो, रूम घेतात दांडेलीला आणि सकाळी सातला तोंडं धुवून उलट्या दिशेनं पळत सुटतात. काळी नदी कुंडलिकेपेक्षा रुंद आणि दोन्ही बाजूला दाट जंगल, ऊन थेट डोक्यावर कमी येतं, धनेश पक्षी डोक्यावरनं जातात तेव्हा पंखांचा आवाज खालपर्यंत ऐकू येतो. इथं दोन प्रकार असतात, एक लांबचं आणि एक छोटं, तासाभरात संपणारं. जोडून सुट्टीला गर्दी झाली की लांबच्याचे स्लॉट आधी भरतात आणि मग "सर तेच आहे, थोडं कमी आहे फक्त" असं म्हणून छोटं गळ्यात मारतात. तेच नसतं. एवढ्या लांब जाऊन छोटं करायचं असेल तर त्यापेक्षा कोलाड बरं.

ताकदीच्या बाबतीत दोन्ही नद्या ग्रेड दोन-तीनच्या आसपास, म्हणजे एक ते सहाच्या मापात मधल्याच्याही खाली. पहिल्यांदा जाणाऱ्याला दोन्ही जमतात, पोहता आलंच पाहिजे असं नाय, कारण लाईफ जॅकेट असतंच. कोलाडला साधारण १४ वर्षांखालच्या पोरांना घेत नाहीत, त्यामुळं ग्रुपात कुणाचं चिरंजीव येणार असतील तर आधीच विचारा, तिथं जाऊन पोरगं काठावर रडत बसलं की त्याच्याबरोबर एक आईबाप पण काठावर बसतो.

एक मात्र दोन्हीकडं समान, पाणी आपल्या हातात नसतं. वीजकेंद्रानं पाणी सोडलं नाही तर राफ्टिंग नाही, मग तुम्ही साताऱ्याहून या नायतर लंडनहून या. म्हणून आदल्या संध्याकाळी फोन करून उद्याचं पाणी आहे का विचारायचं, आणि रद्द झालं तर पैसे परत का पुढची तारीख हे बुकिंगच्या वेळीच मेसेजवर लिहून घ्यायचं. तोंडी "होऊन जाईल साहेब" चालत नाय.

सुट्टी कुठल्या महिन्यात पडली ते आधी बघा

माझ्या मते जागेपेक्षा कॅलेंडर जास्त ठरवतं.

१५ ऑगस्टला दांडेलीचं राफ्टिंग पावसामुळं बंद असतं, त्यामुळं तो विषयच नको. बामणोलीला तेव्हा धुकं, आडवा पाऊस आणि जळवा, तंबूत झोपायचं नाव काढू नका, तळ्यापलीकडचा वासोटा किल्ला पण पावसाळ्यात बंदच असतो. राहिलं कोलाड. पावसात कुंडलिका लय देखणी असते, दोन्हीकडं हिरवंगार, वरनं पाऊस खालनं पाणी, भिजायचं ते भिजलोच आहे म्हटल्यावर माणूस मोकळा होतो. पण पूर आला तर तिथंही बंद करतात आणि तंबू तेव्हाही नकोच, पत्र्याची का होईना रूम घ्या. शिवाय साताऱ्याहून जाणारा आंबेनळी घाट ऑगस्टात भरवशाचा नाय, दरड आली की आख्खा दिवस गेला.

२ ऑक्टोबरच्या आसपास कास पठारावर फुलं असतात, आणि बामणोलीचा रस्ता कासवरनंच जातो, यापुढं काय सांगायचं. साताऱ्यातला माणूस त्या शनिवार-रविवारी यवतेश्वरचा घाट चढत नाही, तुम्ही सांगलीहून येऊन का चढता? जायचंच असेल तर शुक्रवारी संध्याकाळी कास ओलांडून पलीकडं पोचा, नायतर महाबळेश्वरकडनं तापोळ्याला उतरा. शिवसागर मात्र तेव्हा तुडुंब असतं, पाणी अगदी गवताला लागलेलं, नजर पोचेल तिथवर निळं. हेच तळं मे महिन्यात बघितलं तर ओळखू येत नाय, पाणी खाली सरकलेलं असतं, मधे भेगाळलेला गाळ, आणि "लेकसाईड टेंट" म्हणून घेतलेला तंबू पाण्यापासून चांगला लांब राहतो. जाहिरातीतला फोटो ऑक्टोबरचा असतो हे लक्षात ठेवा.

दिवाळीनंतर ते फेब्रुवारी तिन्ही जागा चालतात, आणि २६ जानेवारीला जोडून सुट्टी मिळाली तर त्याच्यासारखं काय नाय. तेव्हाच्या थंडीत बामणोलीला पहाटे तंबूच्या वरच्या कापडावरनं दव अक्षरशः ठिबकतं, एकच स्लीपिंग बॅग आहे म्हणून कुणी ऐटीत गेला तर रात्री दोनला शेकोटीच्या राखेजवळ सापडतो. घरनं जाड गोधडी न्या, लाजू नका.

होळी, गुड फ्रायडे, १ मे, या सुट्ट्यांना कोलाडचं पाणी चांगलं पण बाकी सगळं तापलेलं. याच भिऱ्यात २०१७ च्या मार्चमध्ये ४६.५ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, यावरनं काय ते समजा. राफ्टिंग सकाळी दहा-अकराला संपतं आणि मग दिवसभर तंबूत उकडत पडायचं, त्यापेक्षा आदल्या रात्री पोचायचं, सकाळी राफ्टिंग आणि जेवून लगेच वाट धरायची. उन्हाळ्यात दांडेली जास्त बरी, सावली तरी असते.

गणपतीत सुट्टी असते म्हणून सांगलीकरांना विचारू नका, कुणी येत नाय.

रस्ता

सातारा ते बामणोली चाळीसेक किलोमीटर, शनिवारी सकाळी पोहे खाऊन निघालं तरी चालतं. सातारा ते कोलाड पावणेदोनशेच्या आसपास, मेढा-केळघर करून महाबळेश्वर, मग आंबेनळी उतरून पोलादपूर, तिथनं महाड, माणगाव, कोलाड. कागदावर चार तास वाटतात पण घाट दोन आणि मुंबई-गोवा हायवे तो मुंबई-गोवा हायवे, त्याच्याबद्दल कोकणातली माणसं बोलतात ते मी इथं लिहू शकत नाही. पाच धरा. ताम्हिणी घाटानं पण जाता येतं पण त्यासाठी आधी पुणे गाठायचं आणि सुट्टीच्या दिवशी खंबाटकी आणि पुण्याच्या कडेची ट्रॅफिक, नको.

सांगलीकराला कोलाड तीनशेच्या घरात पडतं, आणि दांडेली सव्वादोनशेच्या आसपास, तीही बरीचशी सरळ रस्त्यानं. चिकोडीवरनं नायतर निपाणीवरनं हायवेला लागायचं, बेळगाव, खानापूर, रामनगर करत गणेशगुडी. गाडी चालवायला कुणी तयार नसेल तर मिरजेवरनं लोंढ्याला रेल्वे आहे, लोंढ्यातनं पुढं जीप सांगून ठेवायची, हा पर्याय लोक विसरतात आणि मला तर तो फार आवडतो कारण येताना सगळे झोपून येतात आणि कुणा एकट्या ड्रायव्हर मित्राचे शिव्याशाप ऐकावे लागत नाहीत. साताऱ्यावरनं दांडेली मात्र सव्वातीनशेच्या वर जाते, दोन दिवसांत ते करणं म्हणजे तासवडे, किणी, कोगनोळी असे टोलनाके मोजत बसणं.

मग ग्रुप निम्मा साताऱ्यात निम्मा सांगलीत असेल तर? कराडला भेटायचं आणि दिवस मोजायचे. दोन दिवस असतील तर कोलाड किंवा बामणोली, तीन असतील तर दांडेली. अडीच दिवसांत दांडेली होते असं म्हणणारा मित्र कधीच स्वतः गाडी चालवत नसतो.

सांगलीतनं चांदोली जवळ आहे, ते का नाही असं कुणी विचारेल. वसंतसागर सुंदर आहे, जंगल सुंदर आहे, पण ते राष्ट्रीय उद्यान आहे, तिथं पाण्यात धिंगाणा घालायचा नसतो. जंगल बघायला जा, ट्रिप वेगळी करा.

रात्र

कोलाडला नदीकाठी ओळीनं कॅम्प आहेत. जोडून सुट्टीला तिथं रात्री काय असतं तर एका कॅम्पचा डीजे, त्याला उत्तर म्हणून शेजारच्या कॅम्पचा डीजे, मधे कुठल्यातरी कंपनीची टीम "अंताक्षरी" खेळतीय, आणि बार्बेक्यूच्या नावाखाली दोन तुकडे चिकन आणि पाच तुकडे बटाटा. नदीचा आवाज ऐकायचा असेल तर पहाटे चारला उठावं लागतं. नाचायचं असेल, ग्रुप मोठा आणि दंगेखोर असेल, तर हे तुमच्यासाठीच आहे, मजा येते, मी नाही म्हणत नाही. पण ज्याला शांत कॅम्पिंग हवंय त्यानं रोह्याच्या आजूबाजूला गावातलं घरगुती राहणं शोधावं. हिवाळ्यात गेलात तर तिथं पोपटी सांगा, मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, चिकन, भांबुर्डीचा पाला घालून मडकं उलटं ठेवून जाळ करतात. रायगडातली ही गोष्ट आपल्याकडं मिळत नाही आणि नुसत्या तेवढ्यासाठी सुद्धा जानेवारीत कोलाडला जायला मी तयार आहे. बार्बेक्यू गेला उडत.

दांडेलीला होमस्टे आणि जंगल रिसॉर्टची चलती, आजूबाजूला व्याघ्र प्रकल्प असल्यामुळं आवाजाला मर्यादा असते, निदान असायला पाहिजे. तंबू मिळतात पण लोक खोलीच घेतात. सकाळी पक्षी बघायचे असतील तर तिन्हीत दांडेलीच. जेवणाचं म्हणाल तर तुमची जीभ सांगलीच्या रश्श्याची सवय झालेली, तिथं भाजीत गूळ-खोबरं लागलं की दुसऱ्या दिवशी भडंगाचं पाकीट फुटतं. नेऊन ठेवा, एक किलो.

बामणोली-तापोळ्याची रात्र या तिघांत सगळ्यात चांगली, यावर मी कुणाशी वाद घालायला तयार आहे. तळ्याकाठी गावातल्याच माणसांनी आपल्या शेतात तंबू लावलेले असतात, नाचणीची नायतर तांदळाची भाकरी, झणझणीत रस्सा, कधी तळ्यातला मासा, आणि नऊनंतर जे गप्प होतं ते गप्पच. आभाळ काळंभोर मिळतं, डिसेंबर-जानेवारीत अमावस्येच्या आसपास गेलं तर चांदण्या बघून बोलणारी माणसं पण गप्प बसतात. मोबाईलची रेंज येते-जाते, ती फायद्यात धरा. तिथल्या माणसांशी जरा बोला, या पाण्याखाली कुणाकुणाची शेतं आणि घरं गेलीत ते त्यांच्याकडनंच कळतं, आपण ज्याला "व्ह्यू" म्हणतो ते त्यांचं जुनं गाव असतं.

दुसऱ्या दिवशी काहीतरी करायला पाहिजे ना, राफ्टिंग तर नाय, तर वासोटा करा. बामणोलीत वनखात्याची परवानगी काढायची, बोट ठरवायची, बोट अख्खी भाड्यानं घ्यावी लागते म्हणून ग्रुप मोठा तितकं स्वस्त, पलीकडं उतरून जंगलातनं चढून किल्ल्यावर. संध्याकाळच्या आत परत यावंच लागतं, कोयना अभयारण्यात मुक्काम चालत नाय, आणि प्लास्टिकच्या बाटल्या-पिशव्यांवर नजर असते तेव्हा बॅगा आदल्या रात्रीच साफ करा. कुंडलिकेच्या दोन तासांपेक्षा वासोट्याचा दिवस अंगाला जास्त लागतो हे मात्र सांगून ठेवतो, ज्यांना वाटतं बामणोली म्हणजे म्हाताऱ्यांची ट्रिप त्यांनी बाबुकड्यावर उभं राहून मग बोलावं.

भीती कशाची धरायची

घरचे राफ्टिंगला नको म्हणतात आणि बॅकवॉटरला खुशाल जा म्हणतात. मला हे उलटं वाटतं. राफ्टमध्ये डोक्यावर हेल्मेट, अंगात जॅकेट, पुढं-मागं सेफ्टी कयाक म्हणजे वाचवायला छोट्या होड्या, गाईडकडं दोर, आणि सुरुवातीला सगळं शिकवतात. फॉरवर्ड, बॅकवर्ड, स्टॉप, गेट डाऊन. वल्ह्याच्या वरच्या मुठीवरचा हात सोडायचा नाय, सोडला की ती मूठ शेजारच्याच्या दातावर बसते. पडलात तर उताणं व्हायचं, पाय पुढं, पायाची बोटं पाण्याच्या वर, आणि वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न अजिबात करायचा नाय, पाय दगडात अडकला की पाणी माणसाला वर येऊ देत नाय. एवढं ऐकलं की बाकी काम नदी करते.

शिवसागरच्या काठावर यातलं काहीच नसतं. पाणी शांत दिसतं म्हणून रात्री दोन पेग झाल्यावर एखाद्याला पोहायची हुक्की येते, अंगात जॅकेट नाही, तळाला गाळ, बुडालेली झाडांची खोडं, काठ कुठं एकदम खोल होतो ते दिसत नाही. ग्रुपमधे नियम करा, अंधार पडल्यावर पाण्यात कुणी नाही आणि पिऊन तर दिवसाही नाही. आणि बोटीत जॅकेट घाला, नावाडी "काय होत नाय" म्हणाला तरी. २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला जादा माणसं बसलेली बोट उलटली ते सांगली जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाय, बोटीत किती माणसं बसली हे मोजायला लाज कसली.

मगरीचं म्हणाल तर दांडेली गावाजवळच्या संथ पाण्यात आहेत, राफ्टिंगचा पट्टा वेगळा. गाईड नाही म्हणेल तिथं उतरू नका. भिलवडी, औदुंबर, हरिपूरच्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको, आपल्या कृष्णेत त्या रोजच्याच.

पाठीचं दुखणं, हृदयाचा त्रास, फिट येण्याचा इतिहास, गरोदरपण, यातलं काही असेल तर राफ्ट नाही, विषय संपला. फॉर्मवर सही करताना लोक खोटं लिहितात, लिहू नका. आणि आदल्या रात्री उशिरापर्यंत ढोसून सकाळी आठला राफ्टमध्ये बसणारे जॉनी वॉकरला जाऊन उलट्या करतात, दोन्ही जॉनी वॉकर एका दिवशी झेपत नाहीत.

पैसे, बुकिंग

बामणोली सगळ्यात स्वस्त, पेट्रोल कमी आणि जेवण गावातलं, फक्त वासोट्याची बोट हा मोठा खर्च. कोलाडला नुसतं राफ्टिंग माणशी साधारण हजार-दीड हजाराच्या आसपास, मुक्काम-जेवण धरून पॅकेज त्याच्या दुप्पट किंवा जास्त, आणि जोडून सुट्टीला भाव वर जातो. दांडेलीचं राफ्टिंग तेवढंच पण प्रवास आणि जास्तीची रात्र धरली की साताऱ्याच्या माणसाला ते महाग पडतं, सांगलीच्या माणसाला कोलाड आणि दांडेली जवळपास सारखंच येतं, म्हणून सांगलीकरानं तिसरा दिवस असेल तर डोळे झाकून दांडेली करावी असं माझं मत.

एका राफ्टमध्ये सात-आठ जण बसतात, त्यामुळं ग्रुप सात-आठचा किंवा पंधरा-सोळाचा असला की आपलीच राफ्ट मिळते, अकरा जण असले की तिघांना अनोळखी लोकांत बसवतात आणि ते तिघं परत येईपर्यंत तोंड पाडून. पैसे आधी गोळा करा, नंतर बुकिंग करा, "तू भर मी देतो" वाल्याला लिस्टमधून काढा, तो निघायच्या आदल्या दिवशी आजारी पडतो.

फोनवर विचारायच्या गोष्टी म्हणजे एका तंबूत किती जण, संडास-बाथरूम किती जणांत एक, बायका-मुली बरोबर असतील तर दाराला आतनं कडी आहे का (हसू नका, विचारा), आणि राफ्टिंग कुठनं कुठपर्यंत, किती किलोमीटर. शेवटच्या प्रश्नाला जो सरळ आकडा सांगत नाही त्याच्याकडं पैसे भरू नका.

कोलाडवरनं परत येताना रविवारी दोनच्या आत जेवून निघा म्हणजे आंबेनळी उजेडात चढून होतो. वर महाबळेश्वरला आल्यावर पाचगणी-वाईकडं वळू नका, पसरणी घाटात रविवारी संध्याकाळी सगळं पुणं अडकलेलं असतं, सरळ केळघर उतरून मेढ्यावरनं साताऱ्यात या, आणि सांगलीवाल्यांना घाई असेल तर त्यांना तिथंच जेवायला थांबवू नका, त्यांना अजून कराड गाठायचंय.